भोंगा वाजला, गाव जागे झाले काय?

यंत्र वाजले म्हणजे काम झाले, ही समजूत आपल्या राज्यकर्त्यांच्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या मनात खोल रुतून बसलेली आहे. २० जुलै २०२३ रोजी, नंतर १७ ऑगस्टला आणि पुन्हा १५ सप्टेंबरला देशातील असंख्य नागरिकांच्या खिशांतले मोबाइल फोन एकाएकी कर्कश स्वरात किंचाळू लागले. पडद्यावर दूरसंचार विभागाचा संदेश उमटला होता. त्याचा आशय एवढाच, की राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभारीत असलेल्या इशारा यंत्रणेची ही चाचणी आहे. आपण काहीही करण्याची आवश्यकता नाही. संदेशाकडे दुर्लक्ष करावे. जनतेने दुर्लक्ष केले. सरकारची आज्ञा इतक्या तंतोतंतपणे आणि इतक्या एकमुखाने पाळली गेल्याचे दुसरे उदाहरण अलीकडच्या काळात शोधूनही सापडणार नाही!

आमचा आक्षेप चाचणी घेतली यावर नाही. चाचणी घ्यावी, वारंवार घ्यावी, हेच आमचे म्हणणे आहे. आमचा आक्षेप असा, की ती चाचणी यंत्राची झाली, इशाऱ्याची झालीच नाही. इशारा म्हणजे आवाज नव्हे. धोका ज्याच्या मेजावर प्रथम दिसतो त्या अधिकाऱ्यापासून धोका ज्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपतो त्या माणसापर्यंतची ती एक अखंड साखळी आहे. आणि त्या माणसाचे पाऊल सुरक्षित जागेच्या दिशेने उचलले गेले, तरच ती साखळी पुरी झाली असे म्हणता येईल. मधली एक कडी वाजवून पाहायची आणि साऱ्या साखळीला उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, याला चाचणी म्हणत नाहीत; याला स्वतःची समजूत घालणे म्हणतात.

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे पाहावयाचे असेल, तर नकाशात कामरेजवर बोट ठेवावे. सुरत जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव तापीच्या दक्षिण तीरावर, मुंबई-अहमदाबाद महामार्ग जेथे नदी ओलांडतो तेथे वसलेले आहे. एके काळी हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला एक महाल होता. आज या पट्ट्यात उसाची शेते आहेत, सहकारी साखर कारखाना आहे, यंत्रमागांच्या वसाहती आहेत, आणि हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिरांची घरे आहेत. मराठी वाचकाने या गावाची चिंता का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तापीच देईल. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावलेली ही नदी भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे ओलांडून, सारंगखेडा आणि प्रकाशा येथून खानदेशचे पाणी घेऊन गुजरातेत उतरते. पाण्याबरोबर माणसेही उतरली आहेत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी निघालेला खानदेशी माणूस सुरतेच्या मागांवर आणि गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबत आहे. नदीच्या वरच्या अंगाला त्याचे गाव आणि खालच्या अंगाला त्याचे घर. अशा माणसाला तापीचा इशारा कोणत्या भाषेत आणि किती आधी मिळतो, हा त्याच्या आप्तांच्या दृष्टीने परका प्रश्न कसा असेल?

कामरेजच्या वरच्या बाजूला, शंभर किलोमीटरच्या आत, १९७२ साली पुरे झालेले उकाईचे अजस्र धरण आहे. धरणाने पूर थोपविला जातो हे खरे. पण धरण भरले म्हणजे पुराची वेळ नदी ठरवीत नाही, दरवाजे उघडणारा माणूस ठरवितो, हेही तितकेच खरे आहे. ऑगस्ट २००६ मध्ये खानदेशात आणि तापीच्या साऱ्या खोऱ्यात पावसाने कहर केला. ७ ते ९ ऑगस्टच्या दरम्यान उकाईतून सोडलेले पाणी वाढत वाढत सुमारे ९ लाख क्यूसेकवर गेले. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. म्हणजे सेकंदागणिक नऊ लाख घनफूट पाणी त्या पात्रातून धावत सुटले. सुरत शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. शंभराहून अधिक माणसे दगावली. वीज गेली, फोन मुके झाले, आणि लाखो लोक आपापल्या घरांच्या वरच्या मजल्यांवर पिण्याच्या पाण्याविना दिवस मोजीत बसले. इशारा उशिरा मिळाला, अपुरा मिळाला आणि नेमका मिळाला नाही, ही सुरतकरांची तक्रार तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भूकंप सांगून येत नाही. धरणातून सोडलेले पाणी मात्र सांगूनच येते. उकाईचे दरवाजे उघडल्यावर ते पाणी कामरेजच्या पुलाखाली पोचावयास काही तास लागतात. ते तास निसर्गाने माणसाला दिलेली उसनवारी आहे. त्या तासांत म्हातारी माणसे उचलून नेता येतात, गुरे सोडता येतात, कागदपत्रे गुंडाळता येतात. तेच तास टिपण्या लिहिण्यात आणि वरिष्ठांची संमती मिळविण्यात गेले, तर उरते काय? बैल गेला आणि झोपा केला!

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कच्छच्या भूकंपानंतर गुजरात सरकारने २००१ साली आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले, आणि २००३ साली, केंद्राच्याही आधी, त्याविषयीचा कायदा केला. केंद्राचा कायदा २००५ साली आला. सुरतेत पुराच्या पूर्वसूचनेसाठी हवामान, धरण आणि शहर यांची माहिती एकत्र जोडण्याचे काम हाती घेतले गेले, आणि २०१२ साली त्याकरिता एक विश्वस्त संस्थाही स्थापन झाली. आता 'सचेत' या नावाची देशव्यापी व्यवस्था आली आहे. हवामान खाते, केंद्रीय जल आयोग आणि राज्यांची प्राधिकरणे यांच्याकडील इशारे एकाच ठरावीक नमुन्यात बांधून ते फोन, दूरचित्रवाणी आणि नभोवाणी अशा अनेक वाटांनी पाठविण्याची ही योजना आहे. जगभर मान्यता पावलेला हा सामायिक नमुना असल्यामुळे एका खात्याचा इशारा दुसऱ्या खात्याच्या यंत्राला नव्याने टंकावा लागत नाही. ही सुधारणा मोलाची आहे.

त्याहूनही मोलाचे आहे ते मनोऱ्यावरून सर्वांना एकदम संदेश देण्याचे तंत्र. साधा लघुसंदेश एकेका क्रमांकाला निवडून पाठवावा लागतो. लाखो क्रमांक असले म्हणजे त्याला तास लागतात, आणि गर्दीत तो अडकतो. नव्या पद्धतीत मनोरा नभोवाणीसारखा बोलतो. त्याच्या टापूत जो जो फोन चालू आहे तो तो एकाच क्षणी वाजतो. कोणाचा क्रमांक ठाऊक असण्याची गरज नाही, इंटरनेटची गरज नाही. तापीच्या काठच्या तेवढ्याच गावांना सावध करावयाचे आणि इतरांना उगाच घाबरवावयाचे नाही, हे या तंत्राने साधू शकते. सी-डॉट या आपल्या सरकारी संस्थेने हे देशातच विकसित केले, याचा आम्हांला अभिमान आहे.

परंतु अभिमान वाटला म्हणून डोळे मिटावेत काय? वीज गेली आणि मनोऱ्याच्या पायथ्याचे जनित्र पाण्यात बुडाले, की तो मनोरा मुका होतो. ज्याचा फोन बंद आहे, ज्याच्याजवळ जुना साधा फोन आहे, ज्याने सूचनांची सोय नकळत बंद करून ठेवली आहे, त्याला इशारा मिळेलच असे नाही. जो मागाच्या खडखडाटात रात्रपाळी करीत आहे त्याला तो ऐकू येईलच असे नाही. आणि ज्याला तो ऐकू आला पण वाचता आला नाही, त्याच्या दृष्टीने तो इशारा नव्हे, केवळ गोंगाट आहे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडीवाला गल्लीगल्लीतून फिरे, दारात उभा राही, आणि समोरच्या माणसाला कळले की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर पाही. त्याच्या हातात विज्ञान नव्हते, पण त्याला डोळे होते. आजच्या आपल्या यंत्रणेच्या हातात सारे विज्ञान आहे. नाहीत ते डोळे! संदेश सुटला हे तिला कळते. तो समजला काय, हे विचारण्याची तिला सवयच नाही.

खरी चाचणी काय दाखविते, हे इतर देशांच्या अनुभवावरून शिकावे. अमेरिकेच्या हवाई राज्यात १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा साऱ्या बेटांवरील फोनांवर झळकला. सराव चालू असताना एका कर्मचाऱ्याने तो खरा हल्ला समजून खरा इशारा पाठविला होता. तो खोटा असल्याचे त्याच मार्गाने लोकांना कळवावयास ३८ मिनिटे लागली. कारण इशारा पाठविण्याची व्यवस्था होती, पण चूक दुरुस्त करण्याचा मजकूर कोणी तयारच ठेवला नव्हता. यंत्र निर्दोष होते; माणसांची घडी विसकटलेली होती. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी याच्या उलट घडले. हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. पण लोकांच्या फोनांवर तो वाजला रात्री आठ वाजून गेल्यावर. तोपर्यंत रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या. दोनशे वीसहून अधिक माणसे त्या आपत्तीत गेली. तेथेही यंत्र तयारच होते. कळ दाबावयाचा निर्णय तेवढा वेळेवर झाला नाही.

आणि जर्मनी? १० सप्टेंबर २०२० रोजी त्या देशाने साऱ्या राष्ट्राची इशारा-चाचणी घेतली आणि ती फसली. मध्यवर्ती संदेश अर्धा तास उशिरा पोचला. तेथील गृहमंत्रालयाने 'चाचणी अयशस्वी' असे आपल्याच तोंडाने जाहीर केले. पण जाहीर करणे आणि सुधारणे यांत अंतर पडले. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात आणि आसपास पुराने १८० हून अधिक बळी घेतले, तेव्हा त्या पुढारलेल्या देशातही मनोऱ्यावरून संदेश देण्याची सोय नव्हती. ती २०२३ च्या प्रारंभी आली. अपयशाची कबुली मिळूनही सुधारणा रेंगाळली तर एवढी किंमत मोजावी लागते. मग जेथे कबुलीच नाही, तेथे किती मोजावी लागेल?

परदेशाची उदाहरणे कशाला, असे म्हणणाऱ्यांना आम्ही पानशेतची आठवण करून देतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याने त्याच्या मागोमाग मान टाकली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. धरण धोक्यात असल्याचे अधिकाऱ्यांना आदल्या दिवसापासून ठाऊक होते. जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. ठाऊक नव्हते ते केवळ पुणेकरांना! ज्या जवानांनी पोत्यांनी पाणी अडवून तास मिळवून दिले, त्या तासांचा इशाऱ्यासाठी पुरता उपयोग झाला नाही. त्या काळी खिशात फोन नव्हते, ही सबब मान्य करू. आज ते आहेत. आता कोणती सबब सांगणार?

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील हे आम्हांस ठाऊक आहे.

पहिला आक्षेप असा, की वरचेवर चाचण्या घेतल्या तर लोक घाबरतील, किंवा 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्याप्रमाणे पुढे विश्वासच ठेवणार नाहीत. हा आक्षेप वरवर शहाणपणाचा दिसतो. पण त्याचे मूळ लोकांविषयीच्या अविश्वासात आहे. मुंबईच्या गिरणगावात भोंगा रोज वाजे. त्याने कोणी घाबरले नाही आणि कोणी त्याच्याकडे दुर्लक्षही केले नाही. कारण भोंगा वाजला म्हणजे काय करावयाचे, हे पोराटोरांनाही ठाऊक होते. भोंग्यात अर्थ नसतो; अर्थ सवयीत असतो. लोक घाबरतात ते अपरिचित आवाजाला, आणि दुर्लक्ष करतात ते निरर्थक आवाजाकडे. वर्षांतून ठरलेल्या दिवशी, आधी कळवून घेतलेली चाचणी लोकांना घाबरवीत नाही, तयार करते. अमेरिकेत नभोवाणी केंद्रांना दर आठवड्याला आणि दर महिन्याला इशाऱ्याची चाचणी घेण्याचे बंधन आहे. म्हणून तेथील श्रोते घर सोडून पळत सुटलेले नाहीत.

दुसरा आक्षेप भाषेचा. कामरेजच्या परिसरात गुजराती आहे, हिंदी आहे, मराठी आणि अहिराणी आहे, उडिया आहे, चौधरी-गामितांच्या बोली आहेत. इतक्या भाषांत इशारा कोण देणार, असे कपाळाला आठ्या घालून विचारले जाईल. तेथे गुजराती पहिली असावी याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. लोकभाषेतच राज्यकारभार व्हावा, हे आमचे व्रतच आहे. पण सुरत महानगरपालिकेने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. ती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. ज्या शहरात मुलाला सात भाषांत बाराखडी शिकविता येते, त्या शहराच्या उंबऱ्यावर त्याच्या आईबापाला 'पाणी येत आहे, उंचावर जा' ही चार-पाच शब्दांची ओळ सात भाषांत सांगता येत नाही काय?

अल्पभाषिकांची संख्या शेकडा १५ वा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे संरक्षण राज्यपुनर्रचनेच्या वेळी देशाने भाषिक अल्पसंख्याकांना दिले होते. सीमाभागातील मराठी माणसाला त्या वचनाची किंमत सांगावयास नको; त्यासाठी त्याला किती उंबरे झिजवावे लागतात हे तोच जाणे. पण येथे आम्ही त्याच्याही पुढे जाऊन म्हणतो, की करवसुलीच्या नोटिशीला शेकडेवारी लावावयाची तर लावा. प्राणाच्या इशाऱ्याला ती लावू नका. पुराचे पाणी दाराशी आले म्हणजे शेकडा किती, असे विचारीत नाही.

भाषेची चाचणी किती आवश्यक असते याचा एक दाखला देतो. ब्रिटनने २३ एप्रिल २०२३ रोजी आपल्या फोन-इशाऱ्याची देशव्यापी चाचणी घेतली. वेल्सच्या लोकांसाठी संदेश वेल्श भाषेतही होता. परंतु 'सुरक्षित' या अर्थाच्या वेल्श शब्दाच्या जागी 'व्होगेल' असा भलताच शब्द छापला गेला. एका दूरध्वनी कंपनीच्या अनेक ग्राहकांना तर संदेश मिळालाच नाही. लोक हसले, टीका झाली, सरकारला उत्तर द्यावे लागले. पण ती चूक उन्हात सापडली, पुरात नव्हे! 'सुरक्षित' हा एक शब्द चुकला तर इशाऱ्यात उरतेच काय? आणि तो मराठीत, उडियात वा गामितीत चुकलेला आहे की नाही, हे आपल्याकडे कोणी कधी तपासणार? ज्यांची ती भाषा आहे त्यांच्या कानांवर तो मजकूर आधी घालून पाहिल्याखेरीज ते कळावयाचे कसे?

तिसरा आक्षेप असा, की सराव तर होतातच. होय, होतात. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत युद्धकालीन सरावाचे भोंगे वाजविण्याचा आदेश निघाला आणि त्यांत सुरत व काकरापार ही नावे अग्रभागी होती. काकरापार म्हणजे कामरेजच्या वरच्या अंगाला, तापीच्याच काठी उभे असलेले अणुवीज केंद्र. ११ मार्च २०१६ रोजी तेथील एका भट्टीतून जड पाण्याची गळती झाली आणि केंद्रापुरती आणीबाणी जाहीर करावी लागली. बाहेर किरणोत्सर्गाचा धोका झाला नाही, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. अशा केंद्रांभोवतीच्या गावांना सामील करून घेऊन ठरावीक मुदतीने आणीबाणीचा सराव करावा, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. तो योग्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की अणुभट्टीच्या बाबतीत जे शहाणपण सुचले ते धरणाच्या बाबतीत का सुचू नये? अणुभट्टीने त्या काठावर एकाही गावाला बुडविलेले नाही. तापीने बुडविले आहे. जो धोका एकदा घडून गेला त्याची तालीम नको, आणि जो घडला नाही त्याची हवी, हा कोणता न्याय?

कायदाही आता आमच्या बाजूने बोलतो. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा त्या वर्षीच्या ३० डिसेंबरपासून अमलात आला. मोठ्या धरणांच्या मालकांनी आणीबाणीचा कृती आराखडा पाच वर्षांत तयार करावा, असे बंधन त्याने घातले. म्हणजे ती मुदत डिसेंबर २०२६ ची. पण आराखडा ही कागदाची वस्तू आहे. कपाटात ठेवलेला आराखडा हा नाटकाच्या संहितेसारखा आहे; रंगीत तालीम झाल्याखेरीज कोणत्या नटाला आपले भाषण पाठ नाही हे दिग्दर्शकाला कळत नाही. आणि येथे प्रयोग फसला तर पडदा पाडून तिकिटाचे पैसे परत करण्याची सोय नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दर वर्षी मृगाच्या आधी, आगाऊ जाहीर केलेल्या दिवशी, हतनूरपासून उकाईपर्यंत आणि उकाईपासून कामरेज, कठोर व सुरतेपर्यंत सबंध तापीची एक इशारा-तालीम व्हावी. तीत महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांचे अधिकारी आणि केंद्रीय जल आयोग एकत्र असावेत. कारण नदीला राज्याची सीमा ठाऊक नाही, आणि खानदेशात पडलेला पाऊस कामरेजला पोचावयास परवाना मागत नाही. दरवाजे उघडण्याचा निर्णय झाल्याच्या क्षणापासून शेवटच्या गावातील शेवटच्या घरी तो कळेपर्यंत किती मिनिटे लागली, हे घड्याळ लावून मोजावे. संदेशात 'दुर्लक्ष करा' असे लिहू नये. 'हा सराव आहे. आपल्या गावच्या ठरलेल्या उंच जागेपर्यंत चालत जाऊन पाहा' असे लिहावे. मनोरे मुद्दाम बंद ठेवून, केवळ भोंगा, ध्वनिक्षेपक आणि पायी फिरणारा माणूस यांच्या जोरावर गाव सावध करता येते की नाही, हेही एकदा पाहावे. दुसऱ्या दिवशी शंभर घरांत जाऊन तीनच प्रश्न विचारावेत: ऐकू आले काय? कळले काय? काय केले? आणि त्या उत्तरांचा अहवाल, त्यांतील सर्व अपयशांसह, गावाच्या चावडीवर लोकांच्या भाषांत लावावा. अमेरिकेत ९ नोव्हेंबर २०११ रोजी पहिल्या राष्ट्रव्यापी चाचणीत जे दोष निघाले, ते तेथील सरकारने अहवाल छापून लोकांपुढे ठेवले. आपल्याकडे २०२३ च्या चाचण्यांत कोणत्या तालुक्यातील किती फोन वाजले नाहीत, हे कामरेजच्या सरपंचाला कोणी सांगितले आहे काय?

या मागण्यांना फार मोठा पैसा लागत नाही. यंत्रे घेऊन झाली आहेत, मनोरे उभे आहेत, कायदे झाले आहेत. लागते ती एकच गोष्ट: आपली चूक लोकांसमोर उघडी पडू देण्याचे धैर्य. आणि नेमकी तीच आपल्या कारभारात दुर्मिळ आहे. चाचणी ही ज्यांना समारंभ वाटते, ती यशस्वीच झाली पाहिजे असा ज्यांचा आग्रह असतो, त्यांना चाचणीचा अर्थच कळलेला नाही. जी चाचणी कधीही अयशस्वी होत नाही, ती चाचणीच नव्हे. सरावात सापडलेला प्रत्येक दोष म्हणजे पुरातून वाचलेले एक घर आहे. आणि सरावात झाकलेला प्रत्येक दोष पुराच्या रात्री कोणाच्या तरी गळ्याशी येणार आहे.

तापी दर पावसाळ्यात भरते. उकाईचे दरवाजे पुन्हा उघडावे लागतील, यात शंका घेण्याचे कारण नाही. कधी, एवढाच प्रश्न आहे. त्या दिवशी कामरेजच्या काठावर यंत्रमागाशेजारी झोपलेल्या मजुराच्या फोनवर एक किंकाळी उठेल. तो दचकून जागा होईल आणि पडद्याकडे पाहील. तेव्हा त्याला सरकारने आजवर शिकविलेला एकच धडा आठवणार असेल, दुर्लक्ष करण्याचा, तर त्याचा दोष त्या मजुराचा नसेल. तो धडा बदलावयास पुढचा मृग लागण्यापूर्वी वेळ आहे. सुरत, गांधीनगर, मुंबई आणि दिल्ली येथील सूत्रधारांनी तो बदलावा. आणि ते बदलत नसतील, तर तापीच्या दोन्ही काठच्या आणि दोन्ही राज्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन तो त्यांना बदलावयास लावावा.